लॅरी हॉगन यांच्याविषयीच्या मजकुराबाबत खुलासा

अमेरिकेतील मेरीलंड राज्याचे माजी गव्हर्नर लॅरी हॉगन हे राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले ‘राज्यपाल’ होते आणि पुढे ते सिनेटर झाले, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. अमेरिकेत गव्हर्नरला मतदार थेट निवडून देतात, आणि त्याचे काम आपल्याकडील मुख्यमंत्र्यांच्या कामाशी अधिक जुळते. डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या मेरीलंडने रिपब्लिकन हॉगन यांना २०१४ आणि २०१८ अशा दोन्ही वेळा निवडून दिले.

पक्षादेशापेक्षा स्वतःच्या विवेकाला मान देणारा हा नेता सिनेटमध्ये असावा, असे मलाही मनापासून वाटत होते. २०१६ मध्ये ट्रम्प यांना मत न देता त्यांनी मतपत्रिकेवर आपल्या वडिलांचे नाव लिहिले, आणि हे वडील म्हणजे १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीत स्वपक्षाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत देणारे रिपब्लिकन सदस्य. २०२२ मध्ये हॉगन यांनी सिनेटची निवडणूक लढवण्यास नकार दिला. २०२४ मध्ये ते उभे राहिले, परंतु डेमोक्रॅटिक पक्षाच्या अँजेला अल्सोब्रुक्स यांनी त्यांचा पराभव केला. तो चुकीचा मजकूर ज्यांनी पुढे पाठवला असेल, त्यांनी कृपया एवढी दुरुस्तीही पाठवावी.