वणव्याचे खरे इंधन जमिनीलगत असते

मोठा वणवा होऊन गेला की दोन मागण्या हमखास ऐकू येतात. जंगल विरळ करा, असे काही जण म्हणतात, तर एकाही झाडाला हात लावू नका, असे इतरांचे म्हणणे असते. या वादात दोन्हीकडच्या लोकांचे लक्ष जाड खोडांवर खिळलेले असते. कोरड्या प्रदेशातली आग मात्र वाळलेले गवत, पालापाचोळा, काटक्या आणि बुटकी झुडपे यांच्या आधाराने पसरत जाते. सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतल्या कोरडेपणाशी तासाभरात जुळवून घेते, तर जाड ओंडक्याला त्यासाठी कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे सकाळी दमट असलेले गवत दुपारच्या वाऱ्यात पेटायला तयार असते. गवतातली आग झुडपात, झुडपातून खालच्या फांद्यांत आणि तिथून शेंड्यांत चढली की ती विझवणे माणसाच्या हाताबाहेर जाते. ही चढण मध्येच तोडणे, म्हणजे झुडपे काढणे, खालच्या फांद्या छाटणे आणि पडलेला काडीकचरा हलवणे, हे वणवा रोखण्याच्या कामाचे मर्म आहे.

अडचण पैशाची आहे. जाड खोड विकले जाते, काडीकचरा मात्र पदरचे पैसे घालून उचलावा लागतो. म्हणून विरळणीच्या नावाखाली मोठी झाडे जातात आणि त्यांच्या तोडलेल्या फांद्या जागीच पडून राहतात. शिवाय ऊन आणि वारा खाली पोहोचू लागल्याने गवतही जोमाने वाढते. अशी विरळणी झालेले रान पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते, आणि तिला वणवा प्रतिबंधक काम म्हणणे मला फसवणूक वाटते.

हा काडीकचरा काढण्याचा जुना उपाय म्हणजे योग्य हवामानात मुद्दाम लावलेली आणि ताब्यात ठेवलेली आग. ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजांनी हजारो वर्षे ती वापरली. अमेरिकेच्या वन विभागाने मात्र १९३५ मध्ये, कळलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत आटोक्यात आणायची, असे धोरण स्वीकारले आणि ते काही दशके चालवले. ज्या पाइनच्या जंगलांत पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची सौम्य आग फिरून जात असे, तिथे त्या काळात इंधन साचत गेले. तरीही नियंत्रित जाळणी निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत एक नियोजित आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. दुसऱ्या ठिकाणी जानेवारीत पेटवलेल्या काडीकचऱ्याच्या ढिगांमधली धग बर्फाखाली टिकून एप्रिलमध्ये पुन्हा वर आली. हे दोन्ही वणवे पुढे एकमेकांना मिळून १,३०० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश जळाला. जाळणीनंतर महिनोन्‌महिने राख चाचपत राहावे लागते आणि त्यासाठी माणसे लागतात, हा त्यातून घ्यायचा धडा आहे. जाळणीच बंद करणे हा नव्हे.

शिवाय एकच उपाय सगळीकडे चालत नाही. पाइनच्या जंगलाला मानवणारी वारंवारची आग कॅलिफोर्नियातील दाट झुडपी रानाला मारक ठरते, कारण तिथल्या अनेक झुडपांना पुन्हा बी धरायला दोन आगींमध्ये बरीच वर्षे जावी लागतात. तेवढा अवधी मिळाला नाही तर झुडपे जाऊन बाहेरून आलेले गवत माजते, आणि हे गवत दरवर्षी पेटू शकते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील ग्रेट बेसिनमध्ये चीटग्रास या गवताने नेमके हेच केले आहे: पूर्वी झुडपांमध्ये मोकळी माती असे आणि आग तिथे अडखळे, आता ती जागा गवताने भरून निघाली आहे. २०२३ मध्ये हवाईतील लहायना शहर जळाले, तेव्हाही पडीक पडलेल्या मळ्यांत वाढलेल्या परदेशी गवताचा मुद्दा पुढे आला होता.

घराभोवतालच्या पट्ट्याबद्दल मी अधिक आग्रही आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅरडाइज या गावात आणि आसपास वणव्यात ८५ माणसे दगावली. त्या आगीनंतर अनेक ठिकाणी घरांची राख झाली होती आणि शेजारची झाडे मात्र हिरवी उभी होती. ज्वाळा पोहोचण्याआधीच उडत आलेल्या निखाऱ्यांनी छपराच्या पन्हळीतला पाला, भिंतीला टेकलेले झुडूप किंवा लाकडी कुंपण पेटते. दूरच्या डोंगरावरची झाडे तोडून ते थांबत नाही. भिंतीपासून पहिले दीड मीटर जळण्याजोग्या सगळ्या वस्तूंपासून मोकळे ठेवणे हे स्वस्त काम आहे, पण त्याला मंजुरी, निविदा, उद्घाटन यांपैकी काहीच लागत नसल्याने ते मागे पडत असावे.

गवत एका पावसात परत येते, झुडपे काही वर्षांत. शेळ्या चारणे, कापणी, जाळणी यांपैकी काहीही निवडले तरी ते ठरावीक काळाने पुन्हा करावेच लागते. कापणीही गवत पूर्ण वाळण्याआधी आणि सकाळच्या दमट हवेत झाली पाहिजे, कारण यंत्राचे पाते दगडावर आपटून उडालेली ठिणगीही पुरेशी असते. म्हणून अशा कोणत्याही योजनेच्या पहिल्याच मंजुरीत पुढच्या किमान दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च धरलेला असावा, आणि तो धरला नसेल तर पहिल्या वर्षाचे पैसेही देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.