लाकडाला पावती आहे, म्हणून ते चोरीचं नाही?

गावोगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: मराठवाड्याचं जंगल सरपणवाल्यांनी संपवलं, आता लाकूड परदेशातून येतं म्हणून झाडं वाचतात, आणि त्या मालाला कागदपत्रं असतात, म्हणजे चोरीचा प्रश्नच नाही.

सरपणाचं आधी. किनवट-माहूरकडच्या बायका मोळी आणतात ती बहुतेक वाळल्या फांद्यांची. सागाचा ओंडका डोक्यावरून जात नाही. त्याला टेम्पो लागतो, आरागिरणी लागते आणि नाक्यावर डोळेझाक करणारा कुणीतरी लागतो. शेतीनं जास्त रान गिळलं हे खरंच, जगभर तेच आहे. पण पुष्कळदा लाकडासाठी काढलेल्या रस्त्यानंच नांगर आत शिरतो.

आयातीनं झाडं वाचतात? आपल्याकडं दाराच्या चौकटीला बर्मा सागच पाहिजे असतो. म्यानमारच्या ओंडक्यांचं भारत कित्येक वर्षं मोठं गिऱ्हाईक होतं. तिथं तोड इतकी झाली की एप्रिल २०१४ पासून त्यांनी ओंडक्यांची निर्यातच बंद केली. २०२१ मध्ये लष्करानं सत्ता बळकावल्यावर अमेरिका आणि युरोपीय संघानं तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले, कारण पैसा लष्कराच्या हाती जात होता. आपलं झाड वाचलं असेलही, तिकडचं पडलं.

कागदपत्रांचा मुद्दा तर सगळ्यात भाबडा. पेरूमध्ये तोडीच्या आराखड्यात कोणतं झाड कुठं उभं आहे ते लिहावं लागतं. कित्येक झाडं नुसती कागदावरच. त्यांच्या नावावर परवाने निघतात आणि ते भलत्याच जंगलातून, आदिवासींच्या जमिनीतून चोरून तोडलेल्या लाकडाला जोडले जातात. ओसिनफोर या तिथल्या सरकारी संस्थेची माणसं प्रत्यक्ष रानात जाऊन खुंट शोधत. २०१५ मध्ये ‘याकू काल्पा’ जहाजावरच्या मालाचा त्यांनी माग काढला, तर ९० टक्क्यांहून जास्त लाकूड बेकायदा निघालं. मग जानेवारी २०१६ मध्ये कुणाची गच्छंती झाली? संस्थेचे प्रमुख रोलांडो नवारो यांची!

अमेरिकेत २००८ पासून आणि युरोपीय संघात २०१३ पासून असं चोरीचं परदेशी लाकूड बाजारात आणणं कायद्यानं बंद आहे. आपल्याकडं ओंडका मुळात कुठल्या जंगलातून आला हे आयातदारानं तपासलंच पाहिजे, असा कायदा नाही. वखारीत विचारून बघा, माल कुठला म्हणून. बहुतेकदा उत्तर मिळेल: कांडला बंदराचा.