‘गोव्यात गणिताच्या शिक्षकांची टंचाई नाहीच’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

पालकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : गोव्यात मुलांमागे शिक्षक भरपूर आहेत. दहावीचा निकाल ९५ टक्क्यांच्या घरात लागतो. तरीही पुढे गणित घेणारी मुलं कमी, कारण मुलांनाच ते नको आहे. इंग्लंडमध्ये शिक्षक अपुरे असूनही लाखावर मुलं गणिताच्या परीक्षेला बसतात. आपल्याकडे तर सरकार अनुदानित शाळांचे पगार भरतं. मग गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी पैसा कशाला? राहिलेलं काम मोबाइलवरचे व्हिडिओ करतील.

हा संदेश मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला आणि पाठवणारे सगळे शिकलेसवरलेले आहेत. तो पटतो, कारण त्यातले काही आकडे खरे आहेत. मी डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात बरीच वर्षं गणित शिकवलं आहे, म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन बोलतो.

आधी मुलांमागे शिक्षक किती, हे पाहू. यूडायस म्हणजे केंद्र सरकारची देशभरातल्या शाळांची नोंद. तिच्या २०२४-२५ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या शाळाशिक्षकांची संख्या एक कोटीच्या वर गेली आणि माध्यमिक स्तरावर सरासरी २१ मुलांमागे एक शिक्षक आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सांगितलेली मर्यादा ३० ची, म्हणजे कागदावर आपण तिच्या बरेच आत आहोत. पण त्याच अहवालात एक लाखाहून जास्त एकशिक्षकी शाळांची नोंद आहे आणि त्यांत ३३ लाखांवर मुलं शिकतात. दोन्ही आकडे खरे आहेत. सरासरीत एका शाळेतला जादा शिक्षक दुसऱ्या शाळेची उणीव भरून काढतो, प्रत्यक्षात तो आपल्याच शाळेत बसलेला असतो. शिवाय हे प्रमाण कोण काय शिकवतं ते विचारत नाही. मराठीच्या बाई, चित्रकलेचे सर, पीटीचे सर आणि गणिताच्या बाई त्यात सारख्याच मोजल्या जातात.

गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत आणि हायस्कूल पाचवी ते दहावी. समजा, पाचवी ते दहावी प्रत्येकी एकच तुकडी असलेलं गावातलं हायस्कूल आहे. वर्गात तीस मुलं धरली तर एकूण १८०. मुख्याध्यापक धरून नऊ शिक्षक. म्हणजे वीस मुलांमागे एक, कुणालाही हेवा वाटावा असं प्रमाण. गणिताची पदवी असलेला शिक्षक त्यांत एकच. आठवड्याला पाचवी ते आठवीला गणिताचे सहा-सहा तास आणि नववी-दहावीला सात-सात धरले, तर बेरीज ३८ होते. एका माणसाने आठवड्यात तीस तास घेतले की तो पुरता दमतो.

वर्षाच्या सुरुवातीला स्टाफरूममधल्या टेबलावर मोठा कागद पसरून, पट्टीने चौकटी आखून पेन्सिलीने वेळापत्रक भरतात. आधी दहावी भरली जाते, कारण बोर्डाचा निकाल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मग नववी. चौदा तास झाले. आठवी घेतली की वीस, सातवी घेतली की सव्वीस. उरलेल्या चार तासांत सहा तासांचा वर्ग बसत नाही. ते तास कच्च्या मुलांच्या जादा वर्गात जातात. म्हणून पाचवी आणि सहावीचं गणित ज्याच्या चौकटी रिकाम्या दिसतात त्याच्या नावावर पडतं. तो इतिहासाचा असेल, पीटीचा असेल. त्याचा यात काहीच दोष नाही. मुख्याध्यापकांचाही नाही, त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

कायदाही इथे फार मदतीला येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ‘विज्ञान आणि गणित’ या दोन्हींना मिळून किमान एक शिक्षक सांगितला आहे. प्राणिशास्त्रात पदवी घेतलेला शिक्षक असला की ही अट पूर्ण होते. त्याने स्वतः गणित कुठल्या वर्गात सोडलं, हे कुणी विचारत नाही.

याचा परिणाम मी नववीच्या वह्यांत पाहिला. फळ्यावर ‘−३ − ५’ लिहून उत्तर विचारलं की वर्गातले बरेच हात ‘अधिक ८’ म्हणून वर येत. का, विचारलं की एका सुरात : ‘मायनस मायनस प्लस.’ हा नियम गुणाकाराचा. सहावीत ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी चालू असताना, स्वतःला विषयाची खात्री नसलेल्या कुणीतरी तो घाईत पाठ करून घेतलेला. ज्याला विषय येतो तो फळ्यावर संख्यारेषा काढतो, शून्यावर बोट ठेवतो, तीन घरं डावीकडे जातो, मग आणखी पाच घरं डावीकडे जातो, आणि मुलं आपणहून ‘ऋण आठ’ म्हणतात. एका तासाचं काम आहे. ते सहावीत झालं नाही तर नववीत समीकरणाची बाजू बदलताना प्रत्येक वेळी चिन्ह चुकतं, आणि मूल स्वतःबद्दल ठरवून टाकतं की आपल्याला गणित जमत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त लागतं ते हेच. शिक्षक नव्हता ही उणीव शाळेची, पण ठपका मूल स्वतःच्या डोक्यावर घेतं आणि तो आयुष्यभर वागवतं.

आता निकाल. दहावीचा निकाल चांगला लागतो हे खरं आहे, २०२५ साली तो ९५ टक्क्यांवर होता. पण बारावीचा निकाल पाहा. २०२३ साली ९५ टक्क्यांच्या वर, २०२४ साली ८५ च्या आसपास, २०२५ साली पुन्हा ९० च्या वर. एका वर्षात दहा टक्के शिक्षक नालायक झाले आणि पुढच्या वर्षी सुधारले, असं कुणी म्हणेल का? २०२३ ची परीक्षा दोन सत्रांत झाली होती, २०२४ ला पुन्हा वर्षाअखेर एकच परीक्षा आली. परीक्षेची पद्धत बदलली की निकाल हलतो. त्यावरून गणिताच्या वर्गात कोण उभं होतं ते कळत नाही. उत्तीर्ण व्हायला ३३ गुण लागतात, आणि ३३ गुण मिळवलेलं मूल अकरावीला गणित घ्यायला धजत नाही.

सगळ्यात जास्त फिरलेला दावा म्हणजे मुलांनाच गणित नको आहे. ‘परख’ या राष्ट्रीय सर्वेक्षणात २०२४ च्या डिसेंबरात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी घेतली गेली. देशभराची गणितातली सरासरी तिसरीला ६० टक्के, सहावीला ४६ आणि नववीला ३७. मुलं वेगळी, प्रश्न वेगळे, त्यामुळे ही थेट तुलना नव्हे, हे मान्य. पण नावड उपजत असती तर ती तिसरीतही दिसली असती. आठ वर्षांची मुलं आकड्यांना भीत नाहीत. भीती मधल्या वर्षांत शिरते, आणि आमच्या वेळापत्रकात उसन्या शिक्षकाच्या चौकटी त्याच वर्षांत सुरू होतात.

निवडीचंही तसंच. अकरावीला मूल निवडतं ते समोर ठेवलेल्या विषयांतून. विज्ञान शाखेत गणिताबरोबर संगणक की भूशास्त्र, गणिताऐवजी जीवशास्त्र की दोन्ही, वाणिज्य शाखेत गणित देणार की नाही, हे प्रत्येक हायर सेकंडरी आपल्याकडे कोण शिक्षक आहे ते पाहून ठरवते. जिथे वाणिज्याला गणित ठेवलेलंच नाही, तिथल्या मुलांना गणित नको होतं असं कसं म्हणायचं? परीक्षेच्या अर्जांची संख्या मोजताना ही मुलं मोजणीच्या आधीच बाहेर पडलेली असतात.

यात आता आणखी एक वळण येतं आहे. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ अशा दोन पातळ्या केल्या. मूळ नियमाप्रमाणे बेसिकवाल्याला अकरावीत गणिताचा रस्ता बंद होता, पुढे कोविडच्या काळात तो सैल केला. राष्ट्रीय धोरणातही विषय दोन पातळ्यांवर द्यावेत, सुरुवात गणितापासून करावी, असं सुचवलं आहे. मुलांवरचा ताण कमी होईल, कल्पना वाईट नाही. पण वर सांगितलेल्या एका तुकडीच्या शाळेत दोन पातळ्या खरोखर शिकवायच्या तर एकाच तासाला दोन खोल्या आणि दोन गणित-शिक्षक लागतील. एकच असेल तर सगळा वर्ग सोप्या पातळीवर जाईल, आणि दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल की गावातल्या मुलांनी सोपं निवडलं.

इंग्लंडचा दाखला मात्र संदेशाच्याच विरुद्ध जातो. ए-लेव्हल (आपल्या बारावीसारखी परीक्षा) गणिताला २०२४ साली ब्रिटनमध्ये एक लाख सात हजारांवर मुलं बसली, ही गोष्ट खरी. तिथे शिक्षकांची ओढाताण आहे हेही खरं. इंग्लंडमध्ये २०२३-२४ साठी गणिताच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या उद्दिष्टाच्या साधारण ६३ टक्केच उमेदवार मिळाले. पण त्या सरकारने हात बांधून वाट पाहिली नाही. वाढीव मुलांनी प्रगत गणित घेतलं तर संस्थेला दर मुलामागे दरसाल जादा पैसे मिळतात, आधी ६०० पौंड, पुढे ते ९०० केले. गणिताचा शिक्षक व्हायला येणाऱ्याला २०२४-२५ मध्ये २८,००० पौंडांपर्यंत विद्यावेतन होतं, त्या वेळच्या दराने जवळपास तीस लाख रुपये. म्हणजे मुलांची संख्या जिथे वाढली, तिथे सरकारने विषयाचं नाव घेऊन पैसा ओतला, आणि एवढं करूनही शिक्षक पुरत नाहीत. यातून ‘शिक्षकांवर खर्च नको’ हा निष्कर्ष कसा निघतो?

व्हिडिओंचं उत्तर दोन ओळींत. ते चांगले असतात, मीही दाखवले आहेत. पण ‘मायनस मायनस प्लस’ म्हणणाऱ्या मुलीला व्हिडिओ विचारत नाही की हे तुला कुणी सांगितलं.

राहिला पैशाचा मुद्दा. अनुदानित शाळांच्या मंजूर पदांचे पगार सरकार देतं, ही गोव्यातली फार मोठी गोष्ट आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण अनुदान पदांना मिळतं आणि पदं तुकड्यांवर ठरतात. पट घसरून तुकडी बंद झाली की बहुधा सेवाज्येष्ठतेत खाली असलेला शिक्षक सरप्लस, म्हणजे जादा ठरतो, मग तो शाळेतला गणिताचा एकमेव का असेना. दुसरीकडे गणिताचा शिक्षक निवृत्त झाला की जागा भरायला संचालनालयाची परवानगी, जाहिरात, मुलाखती, मंजुरी. तोवर लेक्चर बेसिसवर कुणीतरी. त्याला तासावर पैसे, सुट्टीचे नाहीत, पुढच्या वर्षाची शाश्वती नाही. बीएस्सी गणित करून वर दोन वर्षं बीएड केलेली मुलगी अशा कामावर किती काळ थांबणार? तिला बँकेत, सॉफ्टवेअरमध्ये, म्हापशा-मडगावच्या कोचिंग क्लासमध्ये जास्त मिळतं. इतिहासाच्या पदवीधराला बाहेर एवढ्या वाटा नसतात, म्हणून एकच पगारश्रेणी असूनही एका विषयाला अर्जांचा ढीग येतो आणि दुसऱ्याला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

पैसा खर्च होतच नाही असंही नाही, तो पालकांच्या खिशातून जातो. सत्तरी तालुक्यातल्या केरी किंवा ठाणे या गावांहून मूल ट्युशनसाठी वाळपईला, कधी थेट म्हापशाला जातं, आणि संध्याकाळची कदंब बस चुकली की बापाला स्कूटर घेऊन निघावं लागतं. ज्याच्याकडे स्कूटर नाही आणि फीही नाही, त्याचं मूल गणित सोडतं. मग ते ‘नको आहे’ वाल्यांत मोजलं जातं.

मागणी मोठी नाही. गणिताचं पद विषयाच्या नावाने मंजूर करा आणि सरप्लस ठरवताना ते वगळा. निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते, तेव्हा भरतीची फाइल ती तारीख उलटल्यावर नव्हे, वर्षभर आधी हलवा. एकेका तुकडीच्या शेजारच्या दोन शाळांना मिळून एक पूर्णवेळ, पूर्ण पगाराचा गणित-शिक्षक द्या, म्हणजे पाचवी-सहावीचे तास विषय येणाऱ्याच्या हाती जातील. आणि गणिताचे किती तास गणित शिकलेली व्यक्ती घेते, हे शिक्षण संचालनालयाने शाळावार जाहीर करावं. सगळी माहिती शाळांच्या वेळापत्रकांत आहे, नवं सर्वेक्षण नको.

ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांना विनंती आहे की पुढच्या पीटीए (पालक-शिक्षक संघ) बैठकीत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा : आमच्या शाळेत पाचवी-सहावीला गणित कोण घेतं, आणि त्यांनी स्वतः गणित कुठवर शिकलं आहे?