वाद घालायचाच तर खऱ्या प्रश्नावर घाला

गोव्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात राहणाऱ्याला रशियाची बाजू ऐकायला टीव्ही लावावा लागत नाही. सीझन सुरू झाला की ती चार्टर विमानातून उतरते, भाड्याची स्कूटर घेते आणि शेजारच्या खोलीत मुक्काम ठोकते. माणसं बहुतेक चांगली असतात, भाडं वेळेवर देतात. युद्धाविषयी फारसं बोलत नाहीत. पण मलेशियाच्या एमएच १७ विमानाचा विषय निघाला की प्रत्येकाकडे एक गोष्ट तयार असते. गंमत म्हणजे दोघांच्या गोष्टी जुळत नाहीत.

हल्ली त्या गोष्टी आमच्या पोरांच्या तोंडीही आल्यात. शॅकवर काम करणारा एक शिकलेला मुलगा मला म्हणाला, "काका, त्यातलं खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. जो तो आपलं सांगतो." ऐकायला किती समंजस! मला हे वाक्य साफ खोट्यापेक्षाही वाईट वाटतं, म्हणून आज जरा लांबण लावतोय.

तारीख १७ जुलै २०१४. ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं बोइंग ७७७, आत २९८ माणसं, त्यांतली ८० मुलं. पूर्व युक्रेनवर, सुमारे १० किलोमीटर उंचीवर ते हवेतच फुटलं आणि आसपासच्या गावांत, शेतांत विखरून पडलं. खाली रशियाच्या पाठबळावर लढणारे फुटीरतावादी आणि युक्रेनचं सैन्य यांची लढाई चालू होती. फुटीरतावाद्यांचा नेता इगोर गिरकिन ऊर्फ स्ट्रेलकोव्ह, त्याच्या नावानं समर्थक चालवत असलेल्या पानावर त्याच दिवशी युक्रेनचं मालवाहू विमान पाडल्याची फुशारकी झळकली. आमच्या आकाशात उडू नका म्हणून बजावलं होतं, असंही वर होतं. पडलेलं विमान प्रवासी आहे हे कळल्यावर मजकूर गायब.

मग गोष्टींचा पाऊस. २१ जुलैला रशियाच्या संरक्षण मंत्रालयानं नकाशे लावून सांगितलं की एमएच १७ च्या जवळ युक्रेनचं सुखोई २५ चढताना रडारवर दिसलं. हे विमान रणगाडे आणि खंदक मारायला बनवलेलं, खालच्या उंचीवरून काम करणारं. ते १० किलोमीटरवरच्या बोइंगमागे कसं लागेल, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. नोव्हेंबरात रशियाच्या चॅनल वननं उपग्रहाचा म्हणून एक फोटो दाखवला. त्यात लढाऊ विमान क्षेपणास्त्र सोडताना दिसत होतं. जमिनीचं चित्र जुनं, विमानावरची अक्षरं चुकीच्या जागी! घरबसल्या कॉम्प्युटरवर बघणाऱ्यांनी लगेच पिसं काढली. कुणी म्हणालं, पुतिन यांचं विमान समजून पाडलं, ते त्याच दिवशी ब्राझीलहून परतत होते. कुणी म्हणालं, विमानात आधीच मेलेली माणसं भरली होती. (हे शेवटचं इथे हरमलच्या किनाऱ्यावर बिअर पिताना मला ऐकवलं गेलंय. मी उठून आलो.)

जून २०१५ मध्ये तर कमाल झाली. जमिनीवरून विमानं पाडणारी ‘बुक’ नावाची क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या रशियाच्याच अल्माझ आंतेय कंपनीनं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की विमान बुकनंच पडलं, फक्त ते युक्रेनच्या सैन्यानं झारोश्चेन्स्के गावाकडून सोडलं. मग ते सुखोई कुठे गेलं? ते परत घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही. २०१६ मध्ये रशियाला रडारच्या नव्या नोंदी अचानक सापडल्या. २०१८ मध्ये क्षेपणास्त्राचा नंबर काढून सांगितलं की हे १९८६ मध्ये बनलेलं आणि युक्रेनमधल्या तुकडीला दिलेलं.

मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) दाव्यात एकाच पक्षानं दर तारखेला नवी हद्द दाखवली तर मामलेदार काय करेल? सगळ्या हद्दींना समान मान देऊन "खरं कुणालाच ठाऊक नाही" असा निकाल देईल? तो त्या माणसाकडे चष्म्यावरून बघेल. आपण मात्र नेमकं उलट करतो. एकाच घरातून निघालेल्या पाच गोष्टी मोजतो आणि म्हणतो, बघा किती मतभेद आहेत!

दुसऱ्या बाजूला काय होतं? डच सेफ्टी बोर्डानं ऑक्टोबर २०१५ मध्ये अहवाल दिला. कॉकपिटच्या अवशेषांत आणि वैमानिकांच्या शरीरांत लोखंडी तुकडे सापडले, त्यांतल्या काहींचा आकार बो-टायसारखा. तसले तुकडे बुकच्या एका ठरावीक स्फोटकशीर्षातच भरलेले असतात. कॉकपिटच्या माइकांनी शेवटच्या काही मिलिसेकंदांत टिपलेल्या आवाजावरून स्फोट बाहेर, डावीकडे वरच्या बाजूला झाल्याचं ठरलं. कुणी सोडलं हे बोर्डानं सांगितलं नाही, ते त्याचं काम नव्हतं. ते काम नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, मलेशिया आणि युक्रेन यांच्या संयुक्त पथकानं केलं. रशियाच्या कुर्स्क इथल्या ५३ व्या विमानवेधी ब्रिगेडपर्यंत त्यांनी त्या बुकचा माग काढला.

तपासातला भागीदार असूनही मलेशियाचे पंतप्रधान महाथिर यांनी २०१९ मध्ये पुरावे कुठे आहेत म्हणून जाहीर कुरकुर केली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण रशियन पाहुणे ते हमखास सांगतात. पण पुढे १७ नोव्हेंबर २०२२ ला डच न्यायालयानं चार आरोपींपैकी तिघांना गैरहजेरीत जन्मठेप दिली आणि चौथ्याला पुराव्याअभावी सोडलं. आधीच ठरवून केलेल्या नाटकात चौथा सुटत नाही. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेनं आणि युरोपीय मानवाधिकार न्यायालयानंही रशियाला जबाबदार धरलं.

आता कॉमेंटमध्ये कोण काय लिहिणार ते मला माहीत आहे. "मग अमेरिकेचं काय?" अगदी बरोबर प्रश्न, आणि तो गोव्यात विचारायलाच हवा, कारण आपल्याकडे घरटी कुणीतरी गल्फात आहे नाहीतर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. ३ जुलै १९८८ ला इराण एअरचं ६५५ हे प्रवासी विमान बंदर अब्बासहून दुबईला निघालं होतं. अर्ध्या तासाचा प्रवास. अमेरिकेच्या विन्सेन्स या युद्धनौकेनं ते पाडलं. २९० माणसं गेली, त्यांत ६६ मुलं आणि १० भारतीय. पेंटागॉननं पहिल्या दिवशी सांगितलं की विमान ठरलेल्या हवाई मार्गाबाहेर होतं आणि नौकेकडे झेपावत खाली येत होतं. नंतर त्यांच्याच नौदलाच्या चौकशीत निघालं की विमान मार्गातच होतं आणि वर चढत होतं. नौकेच्या यंत्रणेनं ते बरोबर नोंदवलंही होतं, माणसांनी चुकीचं वाचलं. नौका त्या वेळी इराणच्या सागरी हद्दीत होती, हे कबूल करायला १९९२ उजाडलं. १९९६ मध्ये मृतांच्या कुटुंबांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचं ठरलं, जबाबदारी न स्वीकारता. आणि मधल्या काळात त्या कप्तानाला पदकही मिळालं.

म्हणजे अमेरिकाही खोटं बोलली. त्यानं रशियाचं खोटं धुऊन निघत नाही. दोन्हींकडे खोटं कशानं पकडलं गेलं ते बघा: नोंदींनी, तुकड्यांनी, तपासता येईल अशा वस्तूंनी. विन्सेन्सचं खोटं मला ठाऊक आहे, कारण ते शेवटी शोधून काढता आलं. "खरं कुणालाच कळत नाही" हे खरं असतं तर अमेरिकेलाही कुणी खोटं म्हणू शकलं नसतं.

माझा खरा राग वेगळाच आहे. या खोट्या वादात खरा वाद बुडाला. एमएच १७ ला ३३,००० फुटांवर उडायची परवानगी होती, कारण युक्रेननं फक्त ३२,००० फुटांखालचं आकाश बंद केलं होतं. तीनच दिवस आधी त्या भागात एक अंतोनोव्ह २६ सुमारे साडेसहा किलोमीटर उंचीवर पाडलं गेलं होतं. खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्राचं हे काम नव्हे, हे युक्रेनलाही कळत होतं. तरी वरचं आकाश उघडं. त्या दिवशी तिथून १६० प्रवासी विमानं गेली. एमएच १७ फुटलं त्या क्षणी त्याच टापूत आणखी तीन होती, त्यांतलं एक एअर इंडियाचं, दिल्लीहून बर्मिंगहॅमला निघालेलं. आकाश पूर्ण बंद करायला पुरेसं कारण होतं, असं डच बोर्डानं स्वच्छ लिहिलंय. कुठल्या नेत्यानं, कुठल्या कंपनीनं त्याची काय किंमत मोजली? ते बुक रशियातून सीमेपार पाठवायचा आदेश कुणाचा, हेही अपुऱ्या पुराव्यामुळे २०२३ मध्ये तपास थांबवावा लागला तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. बटण दाबणारा तर अजून नावानिशी समोर आलेला नाही. एवढे अस्सल प्रश्न पडलेले असताना आपण सुखोईवर भांडतो.

८ जानेवारी २०२० ची पहाट आठवा. इराणनं इराकमधल्या अमेरिकन तळांवर क्षेपणास्त्रं डागली होती, उलट हल्ल्याची वाट बघत त्यांचे विमानवेधी जवान बोट ट्रिगरवर ठेवून बसले होते. आणि तेहरानचं विमानतळ चालू होतं. युक्रेनचं पीएस ७५२ उडालं आणि त्याच इराणी जवानांनी ते पाडलं. १७६ माणसं. पहिले तीन दिवस इराण सांगत होता, इंजिनात बिघाड. चौथ्या दिवशी कबुली आली. त्या रात्री विमानतळ उघडं ठेवायचं कुणी ठरवलं, हे विचारणारे लोक मला अजून कुठल्याच शॅकवर भेटलेले नाहीत.