हलू नका, फक्त दहा सेकंद

दिवाळीचा फॅमिली फोटो काढायला पैसे देऊन फोटोग्राफर बोलावणारी माणसं मला आळशी वाटतात. घरात फोन आहे, पाच वर्षांचा मुलगा आहे, दीड वर्षाची मुलगी आहे, सासू-सासरे आहेत. अजून काय लागतं? यंदा तुम्हीही घरीच काढा. आमचं हे तिसरं वर्ष, तेव्हा माझ्या सल्ल्यावर निर्धास्त विसंबा.

आधी मुहूर्त. अभ्यंगस्नान झाल्या झाल्या मुलं स्वच्छ असतात, उटण्याच्या वासाची असतात आणि खिडकीतून मऊ उजेड येत असतो. ही वेळ कटाक्षाने टाळा, फोटो चांगला येण्याची भीती असते. त्यापेक्षा लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ गाठा. धाकटी दुपारी झोपलेली नसावी. थोरल्याच्या पोटात चार करंज्या आणि हाताला त्यांचं तूप असावं. बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावलेली असावी आणि घरातला ट्यूबलाइट, कंदिलाची शोभा जाऊ नये म्हणून, सासूबाईंनी बंद केलेला असावा. उजेड कमी झाला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, नाहीतर चार-सहा फोटो घेऊन त्यांचा एक करतो. तेवढ्या वेळात थोरला सोफ्यावरून पाटापर्यंत पोचतो आणि फोटोत दोन्हीकडे थोडा थोडा येतो. एका मुलाचे दोन झाले की घर कसं भरल्यासारखं दिसतं.

कपडे सगळ्यांचे एका रंगाचे हवेत. आम्ही मोरपंखी घेतले. थोरल्याला आतून जर टोचणारं जॅकेट, धाकटीला डायपरवरून चढवलेली शिवलेली नऊवारी. सासऱ्यांसाठीही त्याच रंगाचा झब्बा आणला होता. तो अजून घडीतच आहे. "घरातल्या घरात कशाला कपडे बदलायचे?" असं विचारून ते गंजीफ्रॉकवर येऊन बसले, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी आमच्या घरात तेवढं एकच शहाणं माणूस होतं.

ट्रायपॉड अजिबात घेऊ नका. स्टूल ठेवा, स्टुलावर चकल्यांचा डबा आणि त्याला टेकून फोन. टायमर दहा सेकंदांचा लावा. दहा म्हणजे पुष्कळ वाटतात. पहिल्या तीन सेकंदांत नवरा साडीच्या निऱ्यांना न अडखळता (निऱ्या माझ्या, अडखळणं त्याचं) सोफ्यापर्यंत येतो. चौथ्या सेकंदाला फोनचा दिवा लुकलुकायला लागतो आणि धाकटीला तो दिसतो. सहाव्याला तिला दिव्यामागचा डबाही दिसतो, आणि त्या डब्यात काय असतं ते तिला पक्कं ठाऊक असतं. पुढचे चार सेकंद तिला पुरतात. आमच्याकडे अशा अकरा फोटोंत फक्त तिचं कपाळ आहे, अगदी स्पष्ट. टिकलीसुद्धा मोजता येईल.

मुलांनी हसावं म्हणून सगळ्यांनी मिळून "चकलीऽऽ" म्हणायचं, ही युक्ती मला एका मैत्रिणीने सांगितली. तिला मुलं नाहीत. हा शब्द ऐकल्यावर मुलं हसत नाहीत, चकली मागतात. ती दिली तर तोंड भरलेलं, नाही दिली तर तोंड वाकडं. आजीने खुळखुळा वाजवला तर एक डावीकडे बघतं, बाबांनी किल्ल्या वाजवल्या तर दुसरं उजवीकडे, आणि या सगळ्यांना गप्प करताना माझं तोंड उघडं. थोरल्याने खिशातून किल्ल्यावरचा मावळा काढून फोनसमोर धरला, कारण तोही घरचाच. मावळा मात्र एकदाही हलला नाही.

हे सगळं पूर्वीच्यांना जास्त चांगलं कळत होतं, असं माझं मत झालंय. 1839 साली कॅमेरा जगापुढे आला तेव्हा एका फोटोसाठी मिनिटामिनिटांचा वेळ लागायचा. मोठ्यांची डोकी हलू नयेत म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. लहान मुलांना टेकू लावता येईना, तेव्हा विलायतेत आणि अमेरिकेत आईलाच खुर्चीसारखी बसवायचे, तिच्या डोक्यावरून चादर किंवा पडदा टाकायचे आणि मांडीवर बाळ ठेवायचे. फोटोत बाळ एकदम टापटीप आणि मागे फर्निचरसारखा एक कापडाचा ढीग. असे पुष्कळ फोटो आजही बघायला मिळतात. काहींत ढिगातून एक हात बाहेर आलेला असतो, बाळाला घट्ट धरलेला. पहिल्यांदा बघितले तेव्हा मी खूप हसले होते.

तर पुढे. साधारण साठाव्या फोटोनंतर धाकटीला तुम्ही मांडीवर घट्ट धरा. ती सुटायची धडपड करील, करू द्या. हाताला येईल ते ओढील, ओढू द्या. आमच्याकडे तिच्या हाताला माझा पदर आला. तिने तो असा काही खेचला की थेट माझ्या तोंडावरून खाली. तिला त्याची इतकी गंमत वाटली की ती खदखदून हसली, तिला बघून थोरला हसला, सासूबाई हसल्या, गंजीफ्रॉकमधले सासरेसुद्धा हसले, आणि नेमके दहा सेकंद संपले.

मग फोन हातोहात फिरला. एकशे चौदा फोटो बघून झाले. कुणी आपले डोळे मिटलेले दाखवले, कुणी आपलं पोट. या एका फोटोपाशी मात्र सगळे थांबले.

"हाच पाठव ग्रुपवर," सासूबाई म्हणाल्या. "सगळे छान आलेत."

पाठवला. पाच मिनिटांत पंधरा बदाम आले. नाशिकच्या मावशींनी विचारलं, "सूनबाई माहेरी गेल्यात का?"

मी लिहिलं, "नाही मावशी. तो धाकटीच्या मागे मोरपंखी ढीग दिसतोय ना, ती मी."