‘प्लायवूडची फळी’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

महोदय,

आपला अभिप्राय वाचला. मनालीजवळच्या सोलंगमध्ये आमच्याकडून भाड्याने घेतलेल्या स्नोबोर्डवर (बर्फावरून घसरण्याच्या फळीवर) घालवलेल्या आपल्या दिवसाचा विरस झाला आणि बुटांसाठी आपल्याला काउंटरवर ताटकळावे लागले, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मात्र ‘प्लायवूडच्या फळीवर चित्र चिकटवून हे लोक भाडे घेतात आणि जरासा ओरखडा पडला की अनामत रकमेतून 4500 रुपये कापतात’ हे आपले वाक्य मनाला लागले. ते वाचून पुढचे ग्राहक दारातूनच परत जातील, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

स्नोबोर्डच्या गाभ्यात लाकूड असते, हे खरेच आहे. चांगल्या बोर्डांतही बहुधा ते असतेच. परंतु प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे करून एकावर एक चिकटवतात, तर आपल्या बोर्डाच्या गाभ्यात पॉप्लर झाडाच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी जोडलेल्या आहेत आणि त्यांचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात, त्यामुळे बोर्ड वाकतो आणि सोडताच पूर्ववत होतो. हा गाभा पायांखाली जाड आणि टोकांकडे पातळ होत जातो. त्याच्या वर-खाली इपॉक्सीत (वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेत) भिजवलेले फायबरग्लासचे कापड, बाजूंना एबीएस प्लॅस्टिक, तळाला पॉलिइथिलीन हे गुळगुळीत प्लॅस्टिक आणि तळाच्या कडेने पोलादी पट्टी, असे सगळे साच्यात रचून उष्णता व दाब देऊन एकजीव केले जाते. बूट बोर्डाला जखडणाऱ्या बाइंडिंगचे स्क्रूसुद्धा थेट लाकडात जात नाहीत, त्यांच्यासाठी गाभ्यात धातूचे आटे बसवलेले असतात. आपल्याला खटकलेले चित्र हा या सर्वांतला सर्वांत वरचा थर, आणि बोर्ड कसा चालतो याच्याशी त्याचा संबंध जवळजवळ नाहीच.

‘बोर्ड वळतच नाही’ असेही आपण लिहिले आहे. बोर्ड मध्यभागी अरुंद आणि टोकांशी रुंद असतो. तो कडेवर कलवला की ती वक्र कड बर्फात रुतून वळण घेते. सपाट ठेवला तर तो सरळच जाणार. प्रशिक्षकाची सोय आम्ही सुचवली होती, आपण ती नाकारली.

आता त्या ‘ओरखड्या’विषयी. तळ नुसता खरवडला असता, तर पॉलिइथिलीनची कांडी वितळवून आम्ही तो भरला असता आणि एक रुपयाही मागितला नसता. आपण परत आणलेल्या बोर्डाचा तळ कडेलगत लाकूड दिसेपर्यंत फाटला होता आणि पोलादी पट्टी आत चेपली होती. अशा ठिकाणी पाणी शिरते, लाकूड फुगते, आणि पाणी गोठले की थर सुटू लागतात. नुसती कांडी फायबरग्लासला धड चिकटतही नाही. म्हणून गाभा पूर्ण वाळवून, पट्टीचा तुकडा बदलून आणि इपॉक्सीने तळाला नवे ठिगळ लावूनच तो बोर्ड पुन्हा वापरता येतो. कापलेली रक्कम या कामाची आहे, नव्या बोर्डाची नव्हे. हद्दीच्या झेंड्यांपलीकडे बर्फ पातळ असून खाली दगड आहेत, हे आपल्याला निघताना सांगितले होते; आपण अभिप्रायासोबत हौसेने जोडलेल्या व्हिडिओत ते झेंडे आपल्या मागे दिसत आहेत.

अनामतीचे नियम अधिक ठळकपणे लावण्याचा आणि बुटांच्या रांगेचे काहीतरी करण्याचा आमचा विचार आहे. बोर्ड परत घेताना काढलेली छायाचित्रे आणि कारागिराची पावती आमच्याकडे आहे. आपण कळवल्यास दोन्ही पाठवू.