चार हजारांची लिपस्टिक आणि पाच मिनिटांत फाडलेलं बिल

आज दुपारी पुण्यातल्या एका मॉलमध्ये लिपस्टिकच्या काउंटरवर जे पाहिलं, त्याने डोकं फिरलंय. चोवीस-पंचवीसची मुलगी. सावळी, ओठ मुळात गडद. तिने स्वतःहून विटकरी शेडकडे बोट दाखवलं होतं. काउंटरवरची बाई म्हणाली, "मॅम, हा तुमच्या स्किनटोनला डार्क जाईल. लाइट पिंक घ्या, फेस ब्राइट दिसतो." टेस्टर थेट ओठांवर, डोक्यावर पांढरेफेक दिवे, आणि पाचव्या मिनिटाला कार्ड स्वाइप. बिल चार हजारांच्या वर. ती मुलगी बाहेर काचेपाशी उजेडात आली तेव्हा ओठांवर खडू घासल्यासारखं दिसत होतं.

सावळा रंग 'उजळवायचा' असतो हे अजून विकलं जातंय. तेही चार हजारांना. आपल्यात कुणाला हे पटणार नाही, तरी काउंटरवर उभं राहिलं की भल्याभल्या गप्प बसतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी तो खडू. फिकट गुलाबी आणि फिकट न्यूड (म्हणजे ओठांच्या रंगाशी मिळतीजुळती) शेड बनवताना त्यात टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य सहसा भरपूर घालतात, त्यानेच रंग फिका होतो. आपल्या गडद, जांभळट-तपकिरी ओठांवर हा पांढरा थर बसला की खालचा रंग त्यातून डोकावतो आणि दोन्ही मिळून राखाडी दिसतं. यात कातडीचा काडीचाही दोष नाही, शेड चुकीची आहे. रोजची शेड निवडताना चेहऱ्याच्या रंगाकडे नंतर बघा, आधी आरशासमोर खालचा ओठ किंचित बाहेर ओढून आतला रंग बघा. त्याच कुळातली, पण ओठांच्या मूळ रंगाहून एक-दोन पायऱ्या गडद शेड हाच तुमचा न्यूड. गव्हाळ ते सावळ्या रंगाला विटकरी, कॉफीकडे झुकणारा गुलाबी, वाइन, जांभूळ हे रंग दिवसाउजेडी सुरेख दिसतात. मॅक या ब्रँडचे टोप (Taupe) आणि चिली हे दोन रंग इतक्या जणींना शोभतात ते उगीच नाही. शार्लट टिलबरीचा मूळ पिलो टॉक आपल्याकडच्या बऱ्याच ओठांवर फिकटतो, त्याच नावाचा मीडियम किंवा इंटेन्स बघा. लाल हवा असेल तर निळसर झाकेचा लाल दात पांढरे दाखवतो. १९९९ साली आलेला मॅकचा रुबी वू याच जातीचा. सावळ्या रंगावर तो फार देखणा दिसतो, पण कोरड्या ओठांवर ओढला जातो, तेव्हा आधी बाम लागतोच.

त्या मुलीने दाखवलेली विटकरी शेड अगदी बरोबर होती. तिला कळत होतं! तिचं कळणं पाच मिनिटांत मोडून काढलं, याचा राग येतो.

आता पैशांचं. महागडी लिपस्टिक घ्यावी का? हो, घ्यावी, पण डोळसपणे. आत काय असतं? मेण, तेल, रंगद्रव्य. मेण म्हणजे कँडेलिला, कार्नोबा ही झाडांपासूनची मेणं, आणि मधमाशीचं. तेलात एरंडेल हे जुनं आणि अजूनही सर्रास वापरलं जाणारं, आणि जगातलं बहुतांश एरंडेल भारतातून, त्यातही गुजरातमधून जातं. म्हणजे कच्चा माल काही सोन्याचा नाही. पैसे जातात ते नावाला, बाहेरच्या डबीला म्हणजे केसला, जाहिरातीला, आणि थोडे खरोखरच कामाला. काम म्हणजे रंगद्रव्य तेलात रोलरच्या गिरणीतून किती बारीक दळलंय, मेणांचा मेळ किती नीट जमवलाय. हे जमलेलं असेल तर एकाच हातात पातळ, सलग थर बसतो, ओठांच्या रेघांत रंग साचत नाही, आणि मॅट (न चमकणारी) असूनही संध्याकाळपर्यंत ओठ ताणल्यासारखे वाटत नाहीत. हा फरक सॅटिन (किंचित चमक असलेल्या) आणि मऊ मॅट कांडीत सगळ्यात जास्त जाणवतो. पैसे तिथेच टाका.

लिक्विड मॅटवर, म्हणजे ओली लावून वाळणाऱ्या लिपस्टिकवर, मात्र टाकू नका. ती लिपस्टिक आयसोडोडेकेनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवावर आणि सिलिकॉनच्या रेझिनवर चालते. द्रव उडाला की ओठांवर पापुद्रा उरतो. सहाशे-सातशेवाल्या चांगल्या लिक्विडमध्येही हेच तंत्र असतं. दोन्ही पाण्याला आणि चहाला टिकतात, दोन्ही तेलाला हार जातात. वडापाव खाल्ला की आतल्या कडेचा पापुद्रा सुटणारच, किंमत काहीही असो. ग्लॉसचंही तेच.

बरं, तीनशेच्या लिपस्टिकनेही काम भागतं, हे मान्य. गडद मरून रंग तर स्वस्तातही झकास मिळतो, कारण त्यात पांढरं रंगद्रव्य फार लागत नाही.

पण हिशेब एकदा करून बघा. महागड्या कांडीत साधारण ३.५ ग्रॅम माल असतो. एका वेळी ओठांवर साधारण १० मिलिग्रॅम लागतो. म्हणजे साडेतीनशे वेळा लावून होते. चार हजारांना घेतली तर एका वेळचे साडेअकरा रुपये. वापरून संपवली तर महाग नाही! लग्नसराईत चार वेळा लावून खणात पडली तर तीच एका वेळेला हजाराची. म्हणून भारी पैसे रोजच्या शेडवर टाका आणि सणासुदीचा भडक लाल स्वस्तात घ्या. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. रुज दिओर आणि २०२० साली आलेली हर्मेसची लिपस्टिक यांची रिफिल मिळते. तीच शेड पुन्हा घेणार असाल तर जड धातूचं केस दुसऱ्यांदा विकत घ्यायचं कारण नाही.

निवडायची कशी ते आता नीट वाचा. त्या मुलीच्या बाबतीत यातलं काहीही झालं नाही.

जाताना ओठांवर काही लावू नका, फक्त बाम, आणि काउंटरवर पोचल्यावर तोही टिपून काढा. टेस्टर ओठांना थेट लावू देऊ नका. तुमच्या आधी तो कुणाच्या ओठांना लागला माहीत नसतं, आणि हर्पीसचे फोड अशाने पसरायची भीती असते. कांडीचा वरचा थर खरवडून, अल्कोहोलने पुसून, वापरून फेकायच्या ब्रशवर किंवा स्पॅच्युलावर घ्यायला सांगा. नाक मुरडलं तर दुसरं काउंटर गाठा. मनगटावर रेघ ओढून रंग ठरवू नका, तिथली कातडी ओठांहून फार वेगळी. त्यातल्या त्यात बोटाचं टोक जवळचं. दोन शेडमध्ये घोळ असेल तर एक डाव्या अर्ध्या ओठांवर, दुसरी उजव्या.

आणि मग काउंटर सोडा. "जरा फिरून येते" म्हणा आणि खरंच अर्धा तास फिरा. उजेडात, खिडकीपाशी, फोनचा फिल्टर बंद करून बघा. चहा घ्या. अर्ध्या तासाने चार गोष्टी कळतात. रंग गुलाबी झालाय का? काही लाल रंगद्रव्यं ओठांवर आल्यावर आम्ल-अल्कलीच्या फरकाने गुलाबी होतात आणि डाग धरतात. खोक्यावर सीआय (CI, म्हणजे रंगद्रव्याचा क्रमांक) ४५३८० किंवा सीआय ४५४१० लिहिलं असेल तर हे होणार असं धरा. रंग ओठांबाहेरच्या बारीक रेघांत पसरतोय का? म्हणजे तुमच्यासाठी त्यात तेल जास्त आहे. चाळिशीनंतर हे फार होतं. बाहेरून लायनर लावा किंवा कमी तेलकट मॅट घ्या. आतल्या कडेला रेघ उरलीय का, मधला रंग उडालाय का? आणि ओठ ओढल्यासारखे वाटतात का? यातलं एकही खटकलं तर घेऊ नका. तो अर्धा तास तुमच्या हक्काचा आहे. विकणारीला टार्गेट असतं, दिवसभर उभं राहावं लागतं, तिचीही ओढाताण मला कळते. पण चार हजार तुमच्या खिशातून जाणार आहेत.

शाकाहारी असाल तर एक आकडा लक्षात ठेवा, सीआय ७५४७०. हे कार्माइन, कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. कितीतरी महागड्या लालांमध्ये तो असतो आणि काउंटरवर विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. व्हिगन असाल तर मधमाशीचं मेणही बघायला हवं.

नकली मालाबद्दल थोडक्यात. अर्ध्या किमतीत 'ओरिजिनल' मिळत नाही. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक हवाच, शिवाय एमआरपी. कांडीच्या बुडाशी बॅच नंबर असेल तर तो खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का बघा. केस हलकं, झाकण खुळखुळतंय, वास डोक्यात जातोय, तर परत करा. उघड्या डबीच्या चित्रात २४एम (24M) असं असेल तर उघडल्यापासून दोन वर्षं.

घरी आणल्यावर गाडीत मात्र ठेवू नका. कांडी साधारण ५५ ते ६५ अंशांना वितळते, मऊ त्याच्या बरीच आधी पडते, आणि नागपूर-जळगावच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तेवढी उष्णता सहज होते. वर तेलाचे थेंब आले तर घाबरू नका. उष्णतेने एरंडेल मेणातून सुटून वर येतं. थेंब पुसत बसू नका, कांडी थंड, कोरड्या जागी उभी ठेवा, बरंचसं तेल परत मुरतं. वास खवट आला तरच टाका.

लावताना एकदम जाड थर नको. एक हात, टिश्यूने टिपणं, दुसरा हात. एवढ्यानेच टिकायची वेळ बरीच वाढते. पूर्ण बाहेर काढून लावू नका, अर्धा सेंटीमीटर पुरे, नाहीतर मऊ कांडी बुडातून मोडते. आणि काठापर्यंत आली की संपली म्हणून फेकू नका, कांडी ज्यात बसवलेली असते त्या कपात अजून कितीतरी दिवसांचा माल उरलेला असतो. चपट्या लिप ब्रशने तो शेवटपर्यंत निघतो, फक्त ब्रश आठवड्याला साबणाने धुवा. गरम पाण्यावर वितळवून छोट्या डबीत ओतायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. वास उडतो, थंड होताना मेण दाणेदार बसतं, आणि ज्या गुळगुळीत थराचे पैसे मोजलेत तोच जातो.